आपलं आपण सांगायचं

(मिरकरवाडा, रत्नागिरी येथे मासेविक्रेत्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

जून-जुलैची मासेमारी बंदी आहे, लाँची किनाऱ्याला लागल्यात, म्हणून आज तुम्ही अशा निवांत टेकून बसलेल्या दिसता. एरवी जेटीवर लिलाव सुरू झाला की बोलायला सवड कुठली! वर्षानुवर्षं आपण शेजारी शेजारी पाट्या लावतो, एकीचा बर्फ संपला तर दुसरी देते, जागेवरून भांडतोही. पण शेजारणीचं नाव विचारलं तर? कुणी भाभी, कुणी वहिनी, कुणी अमक्या तांडेलाची बायको.

आपली कहाणी आपण सांगतच नाही असं नाही. रेशनकार्डासाठी, निराधार योजनेच्या पैशासाठी साहेबापुढे सांगतो. नवरा कधी वारला, मुलं किती, कमाई किती. साहेबाला हवं तेवढंच, आणि खाली अंगठा. जिच्याबरोबर उन्हात बसतो तिला मात्र काहीच ठाऊक नसतं.

माझंच सांगते. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, नवरा कुवेतला आहे. कोकणात हे खपतं. खरं तर त्याने मुंबईत दुसरा संसार मांडला होता. गणपतीला का आला नाही, याची कारणं मी श्रावणातच जुळवून ठेवायची. मग बचत गटातून कर्ज घ्यायचं ठरलं, तर अर्जावर नवऱ्याची सही हवी म्हणाले. (ती कशाला हवी, हे भांडण वेगळं, तेही आपण केलंच.) त्या दिवशी शेजारच्या भाभीला सगळं सांगितलं. ती सुरमई कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, “आमाला ठाव होता. तू सांगशील म्हणून थांबलेलो.” दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी मिळून गेलो आणि सहीशिवाय अर्ज घ्यायला लावला.

मग भाभीनेही आपलं सांगितलं. ते मी इथे बोलणार नाही, ते तिचं आहे. एकीने विश्वासाने सांगितलेलं पाटीबरोबर दारोदार फिरलं, तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही. आणि जिला सांगायचं नाही तिला खोदून विचारायचं नाही.

“आमच्यात काय आहे सांगण्यासारखं?” असं तुम्ही म्हणता. आपल्याच जिल्ह्यातल्या, फणसवळे गावच्या उर्मिला पवार. डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला येणाऱ्या बाया, वडील गेल्यावर बांबूची आयदानं विणून मुलांना शिकवणारी आई, हे त्यांनी लिहिलं. 2003 साली ‘आयदान’ पुस्तक झालं. त्याआधी, 1989 मध्ये, त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून त्यांच्याच तोंडून त्यांची हकिगत घेतली होती. फलटणच्या बेबी कांबळे तर कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या! तुमच्या आयांनीही याच शहरात पाट्या वाहिल्या. त्यांचं कुठे लिहून ठेवलंय?

मी आज वही आणलेली नाही. गोल करून बसूया. ज्यांना बोलायचंय त्यांनी आधी माहेरी काय हाक मारत होते ते सांगा. भाभी, तुम्ही भिंतीपासून जरा पुढे या, मागच्यांना ऐकू जात नाही.