सेवा, मानधन आणि सत्ता



लातूरच्या मोंढ्यात तूर-सोयाबीन घालणारा शेतकरी भाव मोबाइलवर पाहतो. त्याचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. १९९१ साली लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या कामात पुढे जगभरच्या हजारोंनी श्रम घातले. ज्ञान ही सर्वांची सामायिक मालमत्ता मानणारे हे मुक्त सॉफ्टवेअर समाजवादी विचाराला परके नाही. त्याच्यापुढील पेचही चळवळीच्या ओळखीचा आहे: बहुतेक जण विनामोबदला राबत असताना काहींनाच पैसे द्यावेत काय?

‘डेबियन’ हा असाच स्वयंसेवकांचा प्रकल्प. २००६ साली नवी आवृत्ती ४ डिसेंबरपर्यंत निघावी म्हणून त्यातील काही सदस्यांनी बाहेर स्वतंत्र निधी उभारला. आवृत्तीची जबाबदारी वाहणाऱ्या दोघांना प्रत्येकी महिनाभर पूर्णवेळ कामाचे मानधन द्यावे, अशी ती योजना होती. त्यावरून तीव्र वाद माजला. वर्षानुवर्षे फुकट खपलेल्यांना आपले श्रम दुय्यम ठरल्यासारखे वाटले. काहींनी कामातून हात आखडता घेतला. आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी निघाली.

यावरून पैसा हेच विष, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मध्ये २०१४ साली गंभीर दोष उघडकीस आला. बलाढ्य कंपन्या ज्यावर निर्धास्त विसंबल्या होत्या, त्या कामाला पूर्णवेळ वाहिलेला माणूस जेमतेम एक होता! नफा कंपन्यांचा आणि त्याग मात्र स्वयंसेवकांचा, अशी ही वाटणी होती.

नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत हीच वाटणी निराळ्या रूपात दिसते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ‘आशा’ कागदोपत्री स्वयंसेविका आहे. गर्भवतींची नोंद, लसीकरणासाठी घरोघर फेऱ्या, करोनाकाळातील सर्वेक्षण ही सारी कामे तिने केली. मोबदला मात्र कामागणिक आणि मानधनाच्या नावाने. कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, वेतनश्रेणी नाही. येथे ‘सेवा’ हा पवित्र शब्द वेतन नाकारण्याचे साधन बनला आहे.

महाराष्ट्राने याहून वेगळा मार्गही पाहिला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले प्रभृती कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला हातभार लावला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. चळवळीला वाहून घेतलेल्या माणसाच्या घरची चूल पेटती ठेवणे हे समाजाचे देणे आहे, ही त्यामागील भूमिका.

तेव्हा खरा प्रश्न पैशाचा नसून पैशावरील सत्तेचा आहे. मानधन कोणाला, किती आणि कोणत्या कामासाठी, हे मूठभरांनी बाहेर न ठरविता राबणाऱ्या सर्वांनी उघड सभेत ठरवावे. जे काम कंटाळवाणे व जबाबदारीचे म्हणून कोणी उचलत नाही, त्याला प्रथम मोबदला मिळावा. हिशेब सर्वांसमोर असावा आणि मानधन घेणाऱ्याचे मत इतरांहून जड होऊ नये. मुक्त सॉफ्टवेअरवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी आणि ते वापरणाऱ्या सरकारांनी सामायिक निधीत आपला वाटा घालावा. आणि जिचे काम रोजचे व सक्तीचे आहे, त्या आशाताईला मानधन नव्हे, वेतन मिळावे. या दोन्ही मागण्या एकाच न्यायाच्या आहेत; कार्यकर्त्यांनी त्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.