पेटीमागची वही



परदेशाशी व्यापार करार झाला की आपला पहिला प्रश्न असतो, जकात किती उतरली? प्रश्न रास्तच आहे. अमिरातीबरोबरचा करार १ मे २०२२ला लागू झाला, ऑस्ट्रेलियाबरोबरचा त्याच वर्षी डिसेंबरात, आणि ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या. शुल्क उतरलं की आपला माल तिथे स्वस्त पडतो, मागणी वाढते. पण बागायतदाराला मी सांगेन, जकातीच्या आधी फळात उरणाऱ्या फवारणीच्या औषधाच्या अंशाचा आकडा विचारा.

२०१०चा द्राक्षहंगाम आठवा. आपले कंटेनर युरोपात अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. आपण त्याला सीसीसी म्हणतो. वेलीची शेंडावाढ रोखायला ते वापरत. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. तेरा टनांच्या कंटेनरचा हिशेब करून पाहा, सगळ्या घडांत मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा चालणार नव्हतं! आणि आपल्याकडच्या निर्यात तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. इथे माल पास, तिथे नापास. शेतकऱ्याने काही लपवलं नव्हतं, तरी पैसा त्याचाच बुडाला. दोन्ही टोकांना एकच यादी आणि एकच आकडा असणं, समान मानक म्हणतात ते हेच.

निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था २००६पासून होतीच. बागेची नोंदणी, बागेतूनच नमुना, पेटीवरच्या खुणेवरून थेट प्लॉटपर्यंत माग. त्या फटक्यानंतर सीसीसीही तपासणीत आलं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं यातलं काम मला फार मोलाचं वाटतं.

आता उलट उदाहरण. अमेरिकेशी आपला मुक्त व्यापार करार नव्हता, तरी २००७मध्ये आपला आंबा तिथे गेला. लासलगावच्या केंद्रात त्यावर विकिरण प्रक्रिया झाली. किडीचा धोका कसा टाळायचा, यावर दोन्ही देशांचं एकमत झालं होतं. दार उघडलं ते त्या एकमताने.

मात्र शेतकऱ्याने सगळं पाळावं आणि सरकारने दारच लावावं, हे चालणार नाही. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली. गेलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. निर्यातीचं धोरण निदान हंगामभर तरी स्थिर हवं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आपल्या हातात आहे ती नोंद. आज सकाळी मिरजगावच्या एका डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. पंपाच्या खोलीत खिळ्याला दोरीने शाळेची वही टांगलेली होती. तारीख, औषध, प्रमाण, काढणीला उरलेले दिवस. पानांवर औषधाचे डाग. बागायतदार म्हणाला, “निर्यातीचं नक्की नाही, पण लिहितो.” तीच फळं आपली पोरंही खाणार आहेत. उद्याची फवारणी करण्याआधी आपल्या पंपाच्या खोलीत अशी एक वही टांगा, एवढंच मागणं आहे.