प्रवेश झाला, पुढे काय?



बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. आम्ही मात्र पोराला ॲडमिशन मिळाली की पेढे वाटून मोकळे होतो. आपल्याच वस्तीतला एक मुलगा इंग्रजीच्या धाकाने दिवाळीपर्यंत नुसता लोकलने फिरत राहिला; घरात कुणाला पत्ता नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, जुन्या विद्यार्थ्याने नव्याला सोबत न्यायचं. लायब्ररी, ऑफिस, फ्रीशिपचा फॉर्म, सगळं दाखवायचं. रविवारी नव्याने विहारात लहानग्यांना गणित शिकवायचं. शिकवता शिकवता त्याचीच भीड चेपते. पावसाळा सरला की सगळ्यांनी महाडला. १९२७ च्या सत्याग्रहाच्या त्या चवदार तळ्याकाठी पोरं मनातलं बोलतात, घरी बोलत नाहीत.

यंदाची नावं सभा संपल्यावर द्या. मुलींचीही द्या.