स्नायूंचंही ऐकावं लागेल



 मिरज हे जंक्शनचं गाव असल्यामुळे आम्हाला पाहुण्यांची सवय आहे, आणि वानलेस साहेबांनी १८९०च्या दशकात इथे रुग्णालय उभारल्यापासून आजाऱ्यांचीही. या परिषदेचा विषय जाहीर झाला तेव्हा मात्र घरच्याच मंडळींनी नाक मुरडलं. श्वासाच्या स्नायूंतल्या संवेदी चेता हा काय दोन दिवस बोलण्याचा विषय आहे का, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोंडावर विचारलं. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून उत्तर इथूनच देतो.

त्यांची शंका आपल्या पाठ्यपुस्तकांतून आली आहे. आपण काय शिकलो? मेंदूच्या देठातून हुकूम सुटतो. रक्तातल्या ऑक्सिजनची खबर कॅरोटिड बॉडी देते; त्या कामासाठी हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. फुप्फुस फुगल्याची वर्दी व्हेगस देते, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ मध्ये दाखवलं. आणि दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. पेंटल यांचे जे-रिसेप्टर तर प्रत्येक भारतीय विद्यार्थी अभिमानानं पाठ करतो. या सगळ्या दरबारात स्नायू फक्त हुकमाचे ताबेदार. फ्रेनिक नर्व्ह मानेतून निघते, श्वासपटल हलवते, संपलं.

पण पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेला पेशंट दुसऱ्या दिवशी काय म्हणतो ते आठवा. “पोट बरं आहे हो डॉक्टर, पण हा उजवा खांदा का ठणकतोय?” नातेवाइकांना वाटतं, टेबलावर हात वेडावाकडा ठेवला असणार. खरं कारण असं, की पोटात भरलेल्या वायूनं श्वासपटलाला डिवचलं, ती तक्रार फ्रेनिकमधून मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या खंडांत पोचली, आणि त्याच खंडांत खांद्याच्या त्वचेच्याही चेता येत असल्यामुळे मेंदूनं पत्ता चुकीचा वाचला. म्हणजे ही चेता नुसती खाली हुकूम नेत नाही, वर बातमीही आणते. ते खालून वर येणारे तंतू प्रामुख्यानं बारीक आहेत, तिसऱ्या आणि चौथ्या गटातले. स्नायू किती ताणला हे मोजणारे स्पिंडल श्वासपटलात फारच थोडे. ते ठासून भरलेले आहेत बरगड्यांमधल्या स्नायूंत.

स्नायूंचं हे बातमी देण्याचं काम ऐकायचं असेल तर गवयाकडे जावं, आणि त्यासाठी मिरजेसारखं गाव नाही. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. छाती भरून घेऊन लांब सूर लावला, की सुरुवातीला फुप्फुसं आपल्या लवचीकपणानं हवा बाहेर ढकलू पाहतात. तेव्हा श्वास आत घेणारे स्नायूच लगाम खेचून धरतात. हवा कमी होत गेली की बाहेर सोडणारे स्नायू सूत्रं हाती घेतात. हा पालट सूर न हलता व्हायचा तर छातीची भिंत या क्षणी कुठे आहे याची बातमी सतत हवी. बोलताना हे स्नायू कसे चालतात याचा अभ्यास एडिंबराच्या ड्रेपर, लॅडेफोगेड आणि व्हिटरिज यांनी १९५९ मध्ये छापला. हे व्हिटरिज म्हणजे आपल्या पेंटलांचे गुरू.

आता ज्यावर उद्या भांडण होईल, आणि व्हावं, असा मुद्दा. १९५४ मध्ये फाउलर यांनी लोकांना श्वास रोखायला लावला. अगदी असह्य झाल्यावर त्यांना ताजी हवा दिली नाही. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असलेल्या वायूत काही श्वास घेऊ दिले. रक्ताची स्थिती सुधारली नाही, उलट बिघडली. तरी जिवाची घालमेल थांबली आणि त्यांना पुन्हा श्वास रोखता आला. नुसती छाती हलल्यानं आराम पडला! १९६०च्या दशकात मोरान कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी शुद्धीतल्या माणसाला क्युरारेनं लुळं करून पाहिलं, तर श्वास रोखण्याची मुदत वाढली आणि तगमग जाणवली नाही. स्नायूच सगळं सांगतात, असं वाटायला लागलं. मग १९९० मध्ये बान्झेट यांच्या गटानं स्नायू पूर्ण लुळे करून कार्बन डायऑक्साइड वाढवला, आणि हवेची भूक तशीच्या तशी राहिली.

माझं मत विचाराल तर दोन्ही गटांनी खरं पकडलं आहे. भूक मेंदूत उठते. ती भागली की नाही हे छातीकडून कळतं. त्यात व्हेगसचा वाटा किती आणि स्नायूंचा किती, हे फाउलर यांच्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. तरुण मंडळींना इथे भरपूर काम आहे.

डेम्प्सी यांच्या विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेनं आणखी एक दार उघडलं. सायकलपटू जीव तोडून पेडल मारत असताना हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १४ ते १६ टक्के श्वासाचेच स्नायू घेतात. यंत्रानं त्यांचं ओझं हलकं केलं तर पायांचा रक्तपुरवठा वाढतो. थकलेल्या श्वासपटलातले तेच बारीक तंतू पायांच्या रक्तवाहिन्या आवळायला लावतात, असा त्याचा उलगडा आहे.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात सीओपीडीचे पेशंट येतात. फुप्फुसं फुगून श्वासपटल सपाट झालेलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९६. पेशंट म्हणतो, “हवा आत जाते, पण पोटभर जात नाही.” आपण आकडा दाखवतो आणि सांगतो, तुमच्या मनाचं आहे. त्याचा मेंदू हुकूम सोडतोय एवढा, छाती हलतेय तेवढी नाही. ही तफावत त्याला जाणवते आणि यंत्राला दिसत नाही. ‘तुमच्या मनाचं आहे’ असं बोलणं आपण बंद करावं, एवढ्या एका कारणासाठी ही परिषद मिरजेत भरवण्याचा मी हट्ट धरला.

व्यवस्थेबद्दल दोन शब्द. चहाच्या वेळी शेजारच्या दालनात फाउलर यांचा श्वास रोखण्याचा प्रयोग सौम्य स्वरूपात, भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवला आहे. हृदयविकार, दमा असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी फक्त बघावं. पहिल्या रांगेतल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं नाव मी यादीत सर्वांत वर लिहून ठेवलं आहे. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.