जिओलॉजीत पाच वर्षांत दोन डिग्र्या: वाचतं नेमकं काय?

आज कोडिंग सोडून दगडांबद्दल बोलणार आहे. कारण घरचंच आहे. माझ्या मामेबहिणीची बारावी नुकतीच झाली. मागच्या महिन्यात मामाच्या शेतातला तिसरा बोअर कोरडा गेला. जागा पाणाड्याने हातावर नारळ ठेवून दाखवली होती. ती म्हणाली, "दादा, मी जिओलॉजीच शिकते. बॅचलर्स आणि मास्टर्स एकत्र मिळतं, ते घेऊ का?"

मी आधी हिशोब केला. अमेरिकेत चार आणि दोन अशी सहा वर्षं लागतात. एकत्र केलं की पाच, म्हणजे वर्ष खरंच वाचतं. आपल्याकडे बीएस्सी तीन, एमएस्सी दोन, बेरीज आधीच पाच! पुण्याच्या आयसरचा बीएस-एमएस पाच वर्षांचा, नव्या धोरणातलं चार अधिक एक, तेही पाचच. मग वाचतं काय? मधली परीक्षा. बीएस्सी करून आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम द्यावी लागते, एकत्र कोर्समध्ये ती कटकट नाही.

आणि मास्टर्स टाळता येत नाही. माझं बीटेकवर भागलं. पण यूपीएससीमार्फत जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक व्हायचं तर नुसत्या बीएस्सीवर अर्जच करता येत नाही.

मामाची शंका वेगळी: "मध्येच नको वाटलं तर?" शंका बरोबर आहे. कोर्स सोडला तर कोणती पदवी हातात येते, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यायचं.

पण मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट दुसरीच. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वेरूळची लेणी त्यातच कोरलीत. अखंड काळ्या दगडात पाणी राहत नाही. ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि शंभर फुटांवर नुसती धूळ उडते. हे समजायला विहिरी वर्षानुवर्षं मोजाव्या लागतात. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजतं: जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट, नोव्हेंबर. एका वर्षाच्या मास्टर्समध्ये विद्यार्थ्याला एकच पावसाळा मिळतो. मराठवाड्यात एका पावसाळ्यावरून काय कळणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तिकडे पूर आले. तेवढंच वर्ष मोजणाऱ्याने काय निष्कर्ष काढावा?

म्हणून एकत्र कोर्सचा खरा फायदा मला हा दिसतो: तिसऱ्या वर्षी धरलेल्या विहिरी पाचव्या वर्षापर्यंत सोडाव्या लागत नाहीत. तशी मुभा असेल तर. आयसरमध्ये शेवटचं वर्ष संशोधनाला असतं. पण फील्डवर्क कितव्या वर्षी सुरू होतं, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. (लोणारचं विवर बघायला जगभरातून अभ्यासक येतात, आपण सहलीला जाऊन भेळ खाऊन येतो. मीही तेच केलंय.)

तिने दोन्हीकडे अर्ज केलाय, आयसरला आणि इथे बीएस्सीलाही. मधल्या वेळात दोरीला दगड बांधून मामाची विहीर मोजली. मे महिन्याची नोंद: पाणी ४२ फुटांवर. पुढची ऑगस्टमध्ये. तेव्हा ती पुण्याला गेलेली असेल तर दोरी माझ्याकडे येणार, असं मला आधीच बजावून झालंय.