मूल चुकतं तेव्हा शिक्षकाला काय यायला हवं?



शिक्षक व्हायचं म्हटलं की आपल्याला डी.एड., बी.एड. आणि भरतीची वाट एवढंच दिसतं. मुलं गणित कसं शिकतात, हा पीएच.डी.चा विषय असतो हे फारसं कुणी सांगत नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच क्षेत्रात आहे. गोवंडीच्या शेजारीच!

तिथल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईतल्या एका कष्टकरी वस्तीत उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा अभ्यास केला. घरोघरी शिलाई, जरीकाम. मुलं पैशांचे हिशेब तोंडी करत. शाळेतल्या गणिताशी त्याची गाठ मात्र क्वचितच पडे. म्हणून ‘आमची पोरं गणितात कच्ची’ हे वाक्य मला खटकतं. आपल्या घरांतही ते सर्रास बोललं जातं.

०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, असं मूल लिहितं. फुली मारणं सोपं. पण त्यानं २५ आणि ३ ची तुलना केली हे ओळखून, ‘पंचवीस पैसे जास्त की तीस?’ असं विचारायला नुसतं गणित येऊन भागत नाही. विषय येणं वेगळं, तो शिकवण्याचं ज्ञान वेगळं. ली शुलमन यांनी १९८६मध्ये हा फरक ठळकपणे मांडला.

एम.एस्सी. करणाऱ्या मुलींना मी मुद्दाम सांगते, या संशोधनाकडे बघा. उर्दू शाळेत शिकला असाल, तर त्या वर्गातली मुलं आपसात हिशेब कसा बोलतात, ते तुम्हाला दुभाष्याशिवाय कळेल.