मुलाचा कल आणि वडिलांची काळजी

(मंडळाच्या तळवडे येथील वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या निमित्ताने दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हा मंडळाचा आमच्यावरील लोभ होय. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेली, तेव्हा विद्वत्तेचा अधिकार आमच्या ठायी नाही. परंतु चार दशकांच्या आसपास आम्ही मुले पाहिली आणि मुलांचे आईबापही पाहिले. त्या अनुभवाच्या बळावर एक घरगुती गोष्ट आपणापुढे ठेवतो.

आपल्या ज्ञातीतील एक कुटुंब येथे तळवड्यात राहते. वडील एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. मुलगा दहावीत असून धावण्यात तरबेज आहे. भल्या पहाटे रात्रपाळीचे कामगार घरी परतत असतात, त्या वेळी हा मुलगा देहूच्या रस्त्याने धावत असतो. शालेय स्पर्धांत त्याने बक्षिसे मिळविली आहेत. आता तो म्हणतो, ‘मला निवासी क्रीडा प्रशिक्षणाला पाठवा.’ वडील म्हणतात, ‘दहावी हो आणि आयटीआय नाहीतर डिप्लोमा धर. चाकणला एवढे कारखाने आहेत, पोटापाण्याची चिंता राहणार नाही.’ घरात अबोला आला. शेवटी एके दिवशी बापलेक दोघेही आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, आता तुम्हीच काय ते सांगा.’

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. ह्याचे कारण सांगताना आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आमच्या ओळखीत होता. तो कबड्डी खेळे आणि फार चांगली खेळे. त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला तेव्हा आम्ही मोठ्या अधिकाराने म्हणालो, ‘कबड्डीने भाकरी मिळत नाही. खेळ बंद करा, अभ्यासाला लावा.’ वडिलांनी आमचा शब्द प्रमाण मानला. मुलाचा खेळ सुटला. पण खेळ सुटला म्हणून अभ्यास जडला, असे काही झाले नाही. मन उडालेला तो मुलगा दहावीला कसाबसा पार पडला आणि पुढे शिकला नाही. अनेक वर्षांनी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाला, ‘गुरुजी, मी खेळून हरलो असतो तरी चाललं असतं.’ त्यावर आम्हांस एक शब्दही सुचला नाही.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की आता आम्ही सर्व मुलांस दप्तर टाकून मैदानावर जाण्याचा उपदेश करणार आहोत. वडिलांची काळजी खोटी नसते. भाड्याच्या खोलीत संसार करून मुलाला दहावीपर्यंत आणणाऱ्या माणसाला उद्याची चिंता वाटली, तर तो मुलाचा शत्रू ठरत नाही. शिवाय शरीर हे भांडवल बेभरवशाचे असते. एकदा गुडघा दुखावला की दहा वर्षांची मेहनत अडून राहते.

मग मार्ग कोणता? ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच पाहण्याजोगी उदाहरणे आहेत.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथील कुस्तीगीर खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशाची अडचण उभी राहिली. त्या प्रसंगी प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून गुरूचे घर सोडवून दिले.

परंतु त्या पदकाने पोटाची सोय केली नाही. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, तेव्हा कोठे संसाराला स्थैर्य आले. म्हणजे पदकामागून नोकरीची गरज राहिलीच, आणि नोकरीच्या वेळी शिक्षण उपयोगी पडले. आणि एक गोष्ट आमच्या मनाला विशेष लागते. ह्या प्रकरणात धोका पत्करला तो शिक्षकाने, आपल्या घरावर. आम्हीही शिक्षकच होतो. त्यांनी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले, आम्ही मात्र एक वाक्य बोलून मोकळे झालो.

दुसरे उदाहरण आपल्या ह्या कारखान्यांच्या परिसराशी जोडलेले आहे. मुरलीकांत पेटकर लहान वयात सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले व मुष्टियुद्ध खेळू लागले. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. पुढे टेल्कोने त्यांना नोकरी दिली. आपल्यापैकी कित्येकांचे संसार त्याच कारखान्यावर उभे राहिले आहेत. खेळाडूच्या जिद्दीमागेही महिन्याच्या पगाराचा आधार लागतो, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण ताजे आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे एका शिक्षकाचे चिरंजीव. 2009 साली वडिलांनी त्यांना राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. 2015 साली ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागले आणि 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आले. नोकरी लागल्यावर नऊ वर्षांनी पदक आले! नोकरीने खेळाचा गळा घोटला नाही, उलट त्याला आधार दिला.

आणि हे केवळ मुलांपुरते समजू नये. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावली, आणि पुढे शासनात उपजिल्हाधिकारी झाली. ज्या घरांत मुलीचा खेळ ‘आता मोठी झालीस’ म्हणून बंद केला जातो, त्यांनी ह्याचा विचार करावा.

आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या जागेसाठी लागणारी शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही पुरी करावी लागते, हे मात्र ठाऊक नसते. पदक दाखवून दार उघडले तरी आत गुणपत्रिका विचारली जाते. मुलांनो, हे विसरू नका.

तेव्हा त्या बापलेकांस आम्ही जे सांगितले, तेच येथे सांगतो. मुलाला म्हणालो, ‘बाळ, बारावीपर्यंत एकही परीक्षा चुकवायची नाही. धावण्याची वेळ वहीत मांडून ठेव, आणि तिचा निकाल जाणत्या प्रशिक्षकाकडून घे. नातेवाइकांच्या शाबासकीवर जाऊ नकोस.’ वडिलांना म्हणालो, ‘त्याला तीन वर्षे द्या. त्या काळात टोमणा मारू नका. बारावीनंतर वही आणि गुणपत्रिका दोन्ही समोर ठेवून तिघे मिळून बसू. आयटीआयचे दार तेव्हाही बंद झालेले नसेल.’ वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘गुरुजी, तीन वर्षांचा खुराक आणि बूट कोठून आणू?’

बंधुभगिनींनो, हा प्रश्न त्यांनी आम्हांस विचारला, पण तो आपणां सर्वांस आहे. सोळा वर्षांच्या मुलापुढे ‘खेळ की शिक्षण’ असा पेच टाकून आपण वडील माणसे बाजूला होतो, आणि सारा धोका त्या पोरावर व त्याच्या बापावर पडतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या केवळ टक्केवारी पाहून दिल्या जातात. आमची नम्र सूचना अशी की, पुढील वर्षापासून एक शिष्यवृत्ती खेळणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी असावी. तिची अट एवढीच की दरवर्षी परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. त्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातून 5,001 रुपये आम्ही आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. खर्डेकरांच्या घराच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही, आणि आमच्या त्या जुन्या सल्ल्याची ही भरपाईही नव्हे.

तो मुलगा ऑलिंपिकला जाईलच, असे आम्ही म्हणत नाही. बहुधा जाणार नाही. परंतु तीस वर्षांनी तो कोणाच्या लग्नात भेटला, तर ‘मला धावू दिलं’ एवढे त्याला म्हणता यावे, आणि त्याच्या घरची चूलही पेटलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.